आधी तो क्यूआर कोड काढा

प्रिय ताई,

सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका लहान स्वतंत्र ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार आहे. शाळेतून निवृत्त झालो आणि पुढच्याच वार्षिक सभेत ही कीर्द माझ्या गळ्यात पडली. ७० कुटुंबं, ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला. वर्षाचं अर्पण, दशांश, हंगामाच्या सणाचा लिलाव सगळं धरून ९ लाखांच्या आसपास जमा होतात आणि ८ लाख १० हजारांपर्यंत खर्च होतात. पाळकसाहेबांना महिना २६,००० रुपये देतो, पहिल्या रविवारी उपासना संपली की पाकिटातून, रोख. आवारात राहायला घर आहे. विजेचं साधारण १,२०० रुपयांचं बिल मंडळी भरते, पेट्रोलला २,००० देते, नाताळला १०,००० भेट. लग्न, बाप्तिस्मा, घरभरणीची प्रार्थना यांत लोक हातावर जे ठेवतात ते त्यांचं त्यांच्याकडे. चर्च झाडणाऱ्या आणि घंटा वाजवणाऱ्या काकांना ९,०००, पेटी वाजवणाऱ्या मुलीला ४,०००.

आमचे एक जुने पंच म्हणतात, धर्मगुरूंना टॅक्स माफ आहे, इंग्रजांच्या काळातलं सरकारी पत्रक आहे. दुसरे म्हणतात, चर्चलाच टॅक्स नाही तर चर्चच्या पगाराला कुठून आला? माझा भाचा न्यू जर्सीत पाळक आहे. तो सांगतो, पाळकाच्या घरखर्चावर टॅक्स नसतोच, फक्त तसा ठराव करून ठेवा. छपराच्या दुरुस्तीला तो ५०० डॉलर पाठवतोय, पाळकसाहेबांच्या खात्यात. ऑडिटर यंदा नवीन आले, त्यांनी पहिल्याच दिवशी पगारपत्रक मागितलं. आमच्याकडे ते कधी नव्हतंच. जाता जाता एक: तरुण संघाने अर्पणासाठी क्यूआर कोड लावलाय, तो पाळकसाहेबांच्या खात्याचा आहे. त्यात काही अडचण नाही ना? पाळकसाहेब भला माणूस. माझ्या हातून चूक होऊन त्यांच्या दारात नोटीस येऊ नये, एवढंच.

– एक खजिनदार


खजिनदारभाऊ, सलाम.

‘जाता जाता’ म्हणून जे लिहिलंत तिथूनच सुरू करते. तो क्यूआर कोड येत्या रविवारच्या आत काढा. आपल्या लोकांची सवय मला माहीत आहे. तरुण संघातल्या कुणीतरी एका दुपारी पाळकसाहेबांचा फोन घेतला, कोड छापून आणला, लॅमिनेशन केलं आणि अर्पणाच्या थैलीशेजारी चिकटवला. मंडळीच्या नावाने कोड काढायचा तर बँकेत जा, ठराव द्या, विश्वस्तांच्या सह्या आणा. एवढी उठाठेव कोण करणार? पण होतं काय, की मंडळीचं अर्पण वर्षभर एका माणसाच्या बचत खात्यात जमा होत राहतं. त्यातलं मंडळीचं किती आणि त्यांचं स्वतःचं किती, हे आज त्यांच्या डोक्यात असेल, बँकेच्या पासबुकात नाही. उद्या कुणी विचारलं तर प्रत्येक शंभराच्या नोंदीचा खुलासा त्यांनी करायचा. शिवाय ट्रस्टच्या जमेत ती रक्कम आलीच नाही, म्हणजे तुमची कीर्दही खोटी पडली. नवीन कोड ट्रस्टच्या खात्याचा काढा. आजवर जे त्यांच्या खात्यात आलं त्याची यादी त्यांच्यासोबत बसून करा, तेवढी रक्कम चेकने ट्रस्टच्या खात्यात वळती करा आणि पंचांच्या सभेच्या इतिवृत्तात ते लिहून ठेवा. अर्धा दिवस जाईल. जाऊ द्या.

आता तुमचे दोन पंच.

जुने पंच जे पत्रक म्हणतात ते खरोखर होतं. १९४४ सालचं, प्राप्तिकर खात्याचं. मिशनरी शिकवण्याबद्दल जी फी घेत आणि आपल्या संघाच्या नियमाप्रमाणे जशीच्या तशी संघाला देऊन टाकत, ती त्यांची स्वतःची मिळकत धरू नये, असा त्याचा मतलब. म्हणजे ज्याने दारिद्र्याचं व्रत घेतलंय, ज्याच्या हातात पैसा क्षणभरही त्याचा म्हणून राहत नाही, त्याच्यासाठी ते होतं. त्याच पत्रकाच्या आधारावर तमिळनाडू आणि केरळमधल्या कॅथलिक सिस्टर आणि फादर, जे अनुदानित शाळांत शिकवतात आणि सरकारी पगार संघाला देतात, ते वर्षानुवर्षं कोर्टात लढले. ‘चर्चच्या कायद्याने आम्ही व्यवहारापुरते मृत आहोत, मेलेल्या माणसाला पगार कसला?’ असासुद्धा युक्तिवाद झाला. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची नव्वदहून जास्त अपिलं फेटाळली. पगार त्यांच्या नावाने निघतो, टीडीएस (पगार देतानाच कापायचा प्राप्तिकर) कापा.

व्रत घेतलेल्या सिस्टरांचीच ही गत, तर बायकोमुलं असलेल्या, पगार स्वतः घेऊन किराणा भरणाऱ्या आपल्या पाळकाला ते पत्रक कुठून लागू होणार? जुन्या पंचांना माझा सलाम सांगा आणि हे वाचून दाखवा. रागावले तर माझं नाव घ्या.

दुसऱ्या पंचांची चूक जास्त सरसकट आहे, सुशिक्षित लोकही ती करतात. मंडळीला सूट आहे ती ट्रस्ट म्हणून, तेही प्राप्तिकर खात्याकडे नोंदणी असेल आणि पैसा उद्दिष्टावर खर्च झाला तर. ती सूट ट्रस्टच्या दारापाशी थांबते. मंडळीच्या हातातून पैसा पाळकांच्या हातात गेला की तो पगार. तुम्ही त्याला ‘मानधन’ म्हणा, ‘सेवाद्रव्य’ म्हणा, पाकिटावर वचन लिहून द्या. मंडळीने नेमलं, महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम देते, राहायला घर देते, उद्या काढूही शकते. यालाच पगार म्हणतात. (धर्मप्रांताकडून नेमणूक आणि पगार येतो तिथे मालक धर्मप्रांत. तुमची मंडळी स्वतंत्र, म्हणून मालक तुम्ही.)

हे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल, तर आता हिशोब मांडू. पगार वर्षाचे ३,१२,०००. नाताळची भेट १०,०००, मंडळी देते म्हणून तीही पगारातच. आवारातलं घर फुकट दिलंय, त्याचीही किंमत धरावी लागते. १ सप्टेंबर २०२३ पासूनचा दर असा: २०११ च्या जनगणनेनुसार ज्या गावाची वस्ती १५ लाखांच्या आत आहे तिथे मालकाच्या स्वतःच्या घरासाठी पगाराच्या ५ टक्के. पुण्यामुंबईसारख्या शहरांत हा दर चढतो, ४० लाखांपलीकडे १० टक्के. तुमच्याकडे ५ टक्क्यांनी १६,१०० झाले. विजेचा मीटर पाळकसाहेबांच्या नावावर असेल तर मंडळीने भरलेलं बिल त्यांच्या पगारात येतं. मी धरूनच चालते, १४,४००. एकूण ३,५२,५००. यातून पगारदाराला मिळणारी ७५,००० ची प्रमाणित वजावट काढा. उरले २,७७,५००. लग्न-बाप्तिस्म्याचे वर्षाला ४०,००० मिळतात असं धरलं तरी ३,१७,५००.

२०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर शून्य केला आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सवलत देऊन तिथेही कर शून्यावर आणला. पगारदाराला ७५,००० धरून ही रेघ १२,७५,००० वर जाते. आपल्याकडे किती मंडळ्या पाळकाला त्या रेघेपर्यंत नेतात? कर लागत नसेल तर टीडीएस कापायचा प्रश्नच येत नाही, टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) काढायची घाई नाही. ज्या कराच्या भीतीने पाकीट इतकी वर्षं रोख दिलं गेलं, तो कर मुळात नव्हताच. (१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले. म्हणून मी कलमं सांगत बसत नाही. ऑडिटर सांगतील ती घ्या.)

म्हणूनच पगारपत्रकाचं म्हणते. माझे वडील पाळक होते. पस्तीस वर्षं, चार गावं. मी अकरावी-बारावीला होते तेव्हा थोरल्या भावाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि वडील कर्जासाठी बँकेत गेले. बँकेने पगाराचा दाखला मागितला. वडिलांनी मंडळीच्या लेटरहेडवर खजिनदारांकडून लिहून आणलं, ‘यांस सेवेबद्दल दरमहा मदत देण्यात येते.’ मदत! मॅनेजरने कागद उलटसुलट करून पाहिला आणि चांगल्या शब्दांत परत दिला. भाऊ डिप्लोमाला गेला. त्या खजिनदारांचा हेतू वाईट नव्हता. ‘पगार’ लिहिला तर टॅक्स लागेल, एवढीच त्यांची समजूत. कागद नसण्याचा खर्च कधीच मंडळीला येत नाही, तो पाळकाच्या घरात येतो. मी पुढे हिशोबाच्या धंद्यात पडले, त्यात त्या कागदाचा थोडा वाटा आहे.

तेव्हा पगारपत्रक करा, साध्या वहीत केलंत तरी चालेल. महिना, नाव, मूळ पगार, भत्ता, कपात, हातात रक्कम, सही. स्लिपची एक प्रत पाळकसाहेबांना द्या. उत्पन्न मर्यादेखाली असलं तरी त्यांना विवरणपत्र भरायला सांगा. कर शून्य भरायचा, पण तीन वर्षांची विवरणपत्रं हातात असली की मुलीच्या शिक्षणकर्जाला बँकेसमोर उभं राहताना मान वर राहते. पाळकीणबाई कुठे नोकरी करत असतील तर त्यांचा हिशोब वेगळा, तो यात मिसळू नका.

पगारपत्रक केलंत की एक कर मात्र खरोखर निघेल, ज्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. व्यवसाय कर. महाराष्ट्रात पुरुष पगारदाराचा महिना ७,५०० च्या वर गेला की तो सुरू होतो. १०,००० पर्यंत १७५ रुपये, त्यापुढे २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. स्त्रियांना २५,००० पर्यंत माफ. म्हणजे पाळकसाहेबांचे वर्षाला २,५००, घंटेवाल्या काकांचे महिना १७५, पेटीवाल्या मुलीचं काही नाही. कापून भरायची जबाबदारी पगार देणाऱ्याची, त्यासाठी मंडळीने व्यवसाय कराची मालक म्हणून नोंदणी घ्यायची, ज्याला सगळे पीटीआरसी म्हणतात. ती नसेल तर ऑडिटरना याच आठवड्यात सांगा. उशीर झाला की व्याज आणि दंड चढतो आणि तो अर्पणातून भरताना फार जिवावर येतं. काकांचा पगार ९,००० च का, हा प्रश्न मी इथे विचारत नाही. पंचांच्या सभेत तुम्ही विचारा.

आता त्या पाकिटाबद्दल. पहिला रविवार, शेवटचं गीत संपतंय, तुम्ही मागच्या बाकावर नोटा दुसऱ्यांदा मोजताय, ५२ नोटा पाचशेच्या. हे चित्र मला आवडतं, पण त्याची किंमत मंडळी मोजते. धर्मादाय आणि धार्मिक ट्रस्टना २०१८-१९ पासून नियम असा आहे की एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० पेक्षा जास्त रोख दिलं तर ती रक्कम उद्दिष्टावर केलेला खर्च म्हणून धरत नाहीत. तुमचेच आकडे घ्या. ९ लाख जमा, करमाफीसाठी त्यातले ८५ टक्के, म्हणजे ७,६५,००० खर्च व्हायला हवेत. तुम्ही ८,१०,००० खर्च केलेत, म्हणजे छान. पण त्यातले पगाराचे ३,१२,००० रोख दिलेत. ते वजा केले की हाती उरतात ४,९८,०००, आणि २,६७,००० कमी पडतात. पैसा प्रामाणिकपणे, योग्य कामाला, योग्य माणसाला दिला आणि तरी करमाफीच्या हिशोबात तो दिलाच नाही असं झालं. पाळकसाहेबांना एकदा बँकेतून पगार पाठवून बघा, एका महिन्यात सवय होते. पाकिटाची हौस असेल तर त्यात पगाराची स्लिप घाला.

मंडळीच्या कपाटात आणखी एक कागद शोधा: प्राप्तिकर खात्याचा ट्रस्ट नोंदणीचा आदेश. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी म्हणजे ही नोंदणी नव्हे. दोन्ही एकच समजणाऱ्या मंडळ्या मी मोजायचं सोडून दिलंय. २०२१ नंतर जुन्या सगळ्या नोंदण्या नव्याने करून घ्याव्या लागल्या आणि पहिल्या फेरीतल्या अनेकांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची होती. तुमच्या आदेशावरची तारीख आज संध्याकाळी बघा. आदेशच सापडला नाही तर पाळकांच्या पगाराआधी हा प्रश्न हाती घ्या. बाकी थैलीत नाव न लिहिता पडणाऱ्या नोटांची काळजी करू नका. निनावी देणग्यांवरचा जबर कर निव्वळ धार्मिक ट्रस्टला लागत नाही. फक्त उपासना संपल्यावर दोघांनी मिळून मोजा आणि दोघांनी सही करा. हंगामाच्या सणाला लिलावात कोंबडी ४०० ला गेली काय आणि भोपळा ११०० ला गेला काय, तेही त्याच दिवशी वहीत.

भाचा खोटं बोलत नाही, तो तिथलं सांगतो. अमेरिकेत १९२१ पासून पाळकाला दिलेल्या घराची किंमत त्याच्या प्राप्तिकरात धरत नाहीत, आणि १९५४ पासून घराऐवजी रोख भत्ता दिला तर तोही, मर्यादेत. मंडळीने तो आधीच ठराव करून ठरवलेला हवा, मागाहून केलेला ठराव चालत नाही. शिवाय ठरवलेली रक्कम, प्रत्यक्ष खर्च आणि त्या घराचं बाजारभावाने भाडं, यांतलं जे सर्वांत कमी तेवढ्यालाच सूट. आणि तीही फक्त प्राप्तिकरापुरती. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी तिथला पाळक स्वयंरोजगारी धरला जातो, मंडळी त्याचा अर्धा वाटा उचलत नाही, सगळे १५.३ टक्के त्याच्याच खिशातून जातात, घरभत्त्यावरसुद्धा. भाच्याने मामाला एवढं सांगितलं नसेल. आपल्या कायद्यात पाळकासाठी असा वेगळा खण नाही. घर आहे तर वर लिहिल्याप्रमाणे ५ टक्के. मंडळी भाड्याने घर घेऊन देत असेल तर प्रत्यक्ष भाडं किंवा पगाराचे १० टक्के, यांतलं जे कमी. त्याच्या सल्ल्यातली एक गोष्ट मात्र उचला: ठराव आधी करायचा.

त्याचे ५०० डॉलर थांबवा. आजच फोन करा, तिकडे रात्र असली तरी. परदेशी देणगीचा कायदा (एफसीआरए) या देशात कडक आहे आणि लहान मंडळी म्हणून कुणी सोडत नाही. त्याला आधी विचारा, पासपोर्ट कोणता? भारतीय असेल आणि पैसा त्याच्या स्वतःच्या कमाईचा असेल, तर बँकेमार्फत ट्रस्टच्या खात्यात पाठवलेला चालतो. ती परदेशी देणगी धरत नाहीत. पासपोर्टची प्रत आणि त्याचं दोन ओळींचं पत्र फायलीत ठेवा. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असो नसो, मराठीत प्रार्थना करो नाहीतर इंग्रजीत, तो कायद्याने परदेशी स्रोत झाला. तसा एक डॉलर घ्यायलासुद्धा केंद्राकडची एफसीआरए नोंदणी किंवा आधी परवानगी लागते, आणि पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. त्याने तिथल्या मंडळीत थैली फिरवून जमवले असतील, तर त्याचा पासपोर्ट कोणताही असो, पैसा परदेशीच. आणि पाळकसाहेबांच्या वैयक्तिक खात्यात तर कोणत्याच परिस्थितीत नको. छपराचा परदेशी पैसा त्यांच्या खात्यात आला की कायदा मोडलाच, वर तो त्यांचं उत्पन्न कसं नाही हे त्यांनी सिद्ध करायचं. छप्पर या पावसाळ्यात आणखी थोडं गळेल. गळू द्या.

लोक हातावर ठेवतात त्याचं काय? इथे माझ्या ओळखीतले निम्मे पाळक सांगतात, ‘ती प्रेमाची भेट, तिला टॅक्स नाही.’ नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षभरात मिळून ५०,००० पर्यंतच्या भेटींना कर नाही, हे खरं. पण भेट कशासाठी मिळाली हेही बघतात. एक जुना खटला आहे, १९५८ सालचा, सर्वोच्च न्यायालयातला. पी. कृष्ण मेनन नावाचे गृहस्थ त्रावणकोरच्या पोलीस खात्यातून निवृत्त होऊन त्रिवेंद्रमला वेदान्त शिकवत. फी एक पैसा नाही. लेव्ही नावाचा इंग्लंडचा शिष्य त्यांच्याकडे येऊन राहायचा. त्याने मुंबईच्या बँकेतली आपली सगळी शिल्लक, दोन लाखांहून जास्त, गुरूंच्या नावे केली. १९४४ मधले दोन लाख! गुरू म्हणाले, मी विकत काही दिलं नाही, त्याने प्रेमाने दिलं. कोर्ट म्हणालं, शिकवणं हा तुमचा व्यवसाय आहे, त्यात नफ्याचा हेतू असो वा नसो, आणि हे पैसे त्या शिकवण्यातूनच आले. उत्पन्न.

म्हणून पाळकसाहेबांना सांगा, लग्न लावल्याबद्दल मिळालेले १,५०० हे कामाचे, ते उत्पन्नात दाखवा. पोराला डेंग्यू झाला तेव्हा शेजारच्या काकूंनी उशाशी ठेवलेले ५,००० हे माणुसकीचे, ते वेगळे. छोटी डायरी पुरे: तारीख, कोणाकडून, कशासाठी. कर शून्यच येणार आहे, मग लपवायचं कशाला? पेट्रोलच्या २,००० चंही तेच. घरभेटी, दवाखाना, शेजारच्या गावची उपासना, किलोमीटर लिहून त्याप्रमाणे दिलं तर तो कामाचा खर्च. लिहिलं नाही तर पगार.

पाळकसाहेब स्वतः विश्वस्त असतील, आणि स्वतंत्र मंडळ्यांत बहुधा असतातच, तर त्यांचा पगार वाजवी आहे हे दिसायला हवं. ट्रस्टचा पैसा विश्वस्ताकडे अवाजवी वळला तर मंडळीची सूटच अडचणीत येते. २६,००० ना अवाजवी म्हणण्याची हिंमत कुणी करणार नाही. तरी त्या विषयापुरते ते आणि त्यांच्या घरचे बाहेर बसावेत आणि ‘पाळकसाहेब या विषयापुरते बाहेर गेले’ एवढं इतिवृत्तात लिहावं. ठरावात पगार, घर, वीज, पेट्रोल, नाताळ, सगळं एकदाच, वर्ष सुरू होण्याआधी.

राहता राहिली गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. भविष्य निर्वाह निधीचा कायदा २० माणसांपासून लागतो. तुमची तीन, म्हणजे सक्ती नाही. पण घर आवारातलं आहे. निवृत्तीच्या महिन्यात ते रिकामं करायचं आहे, आणि जायचं कुठे? आमच्या वडिलांना शेवटच्या उपासनेत शाल, भिंतीवरचं घड्याळ आणि मानपत्र मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत पत्र्याच्या तीन पेट्या, शिवणयंत्र आणि ते घड्याळ. आईने किल्ली खजिनदारांच्या हातात दिली, त्यांनी ती घाईघाईने खिशात टाकली, दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. पगार महिना २,००० ने वाढवा आणि ते २,००० पाळकसाहेबांच्या नावाच्या पीपीएफ किंवा एनपीएस खात्यात जातील असं त्यांच्याशी ठरवून घ्या. पीपीएफला वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे, तिथवर तुम्ही पोचणार नाही. वर्षाचे २४,००० होतात. क्यूआर कोड नीट लावलात तर एवढं वाढीव अर्पण येईल, तरुण मुलांकडे सुटे नसतात पण फोन असतो.

पगारपत्रकाची वही आणाल तेव्हा पहिली स्लिप पाळकसाहेबांची आणि दुसरी काकांची लिहा. काकांना ती वाचून दाखवा, १७५ कशाचे कापले तेही सांगा.

तुमची,
ताई